पुलापलीकडचा थांबा

एक जुलैला वेलबर्न शहराची बस आणि भोवतालच्या हॅस्केट काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, व्हॅन यांचं विलीनीकरण झालं, आणि ओपल हेंडरशॉटला बावीस वर्षांची जागा सोडावी लागली. जागा तशी काही राजवाडा नव्हती. काउंटीच्या रस्ते-दुरुस्ती गॅरेजच्या मागची एक खोली, खिडकीबाहेर बर्फावर टाकायच्या मिठाचा डोंगर, आणि टेबलावर दोन फोन. पण त्या खोलीत बसून ती सबंध काउंटीभर व्हॅन फिरवत असे. नव्या साहेबीणबाई, मिस प्रुइट, यांनी सांगितलं होतं की येताना काही आणू नका, शहराच्या डेपोत सगळं नवंकोरं आहे. ओपलनं ते ऐकून घेतलं आणि आपला पत्र्याचा डबा काखेत मारून डेपोत हजर झाली.

डब्यात चारशे बारा कार्डं होती. एकेका माणसाचं एकेक. शहराच्या बसला कार्डं लागत नसत, कारण ती ठरल्या वाटेनं ठरल्या वेळी जायची. ज्याला बसायचं त्यानं थांब्यावर यावं. काउंटीत तसं नव्हतं. तिथे घरं मैल-मैल लांब. ज्याला जायचं असेल त्यानं आदल्या दिवशी फोन करायचा, ओपलनं जागा आहे की नाही ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी व्हॅन दारात. कोणाचा रस्ता मार्चमध्ये चिखलात जातो, कोणाला हॉर्न चालत नाही, कोणाची पायरी मोडकी आहे, हे सगळं कार्डावर पेन्सिलीनं लिहिलेलं. “हात द्यावा, पण दिला असं शेजाऱ्यांना दिसू नये,” असंही एकावर होतं.

डेपोच्या कंट्रोल रूममध्ये तिच्या शेजारी डेस्मंड टिब्ज बसायचा. वय चव्वेचाळीस. पंधरा वर्षं शहराची बस चालवून गुडघे गेले तेव्हा वायरलेसवर आला. वेलबर्नमध्येच जन्मला, शाळेतसुद्धा बसनं गेला. घड्याळावर त्याची भारी श्रद्धा.

पहिल्याच सकाळी दोघांची जुंपली.

“मिस ओपल, तुमची ही व्हॅन नऊ चाळीसला निघायची होती. आता नऊ एकोणपन्नास झाले.”

“डॉटी मोहलर गाडीत चढतेय. तिला नऊ मिनिटं लागतात.”

“थांबायचा नियम पाच मिनिटांचा आहे.”

“नियमाचा खुबा बदललेला नाही, डेस्मंड. डॉटीचा बदललाय.”

डेस्मंडनं पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि नोंद केली: नऊ मिनिटं उशीर, कारण खुबा. मिस प्रुइटनी ती नोंद वाचली तेव्हा दोघांनाही बोलावून घेतलं. पण त्याच आठवड्यात शहराचा एक ड्रायव्हर पहिल्यांदाच शेतावरच्या फेरीला गेला, आणि दारातला कुत्रा त्याला गाडीतून उतरू देईना. ओपलनं डब्यातून कार्ड उपसलं आणि वायरलेसवर सांगितलं, “त्याला ‘बिस्किट’ म्हणून हाक मार. नावानं हाक मारली की गप्प बसतो.” कुत्रा गप्प बसला. डेस्मंडनं खुर्ची वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

“अशी किती कार्डं आहेत म्हणालात?”

“चारशे बारा.”

“ही सगळी कॉम्प्युटरात गेली पाहिजेत. तुम्ही उद्या पाय घसरून पडलात तर आम्ही कुत्र्यांची नावं कुठून आणणार?”

ओपलला ते बोलणं आवडलं. बावीस वर्षांत त्या डब्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग रोज दुपारी दोन ते तीन, फोन जरा थंडावले की, ती कार्डं वाचून दाखवायची आणि तो टाइप करायचा. मध्ये कॉफी, कधी डेस्मंडच्या बायकोनं दिलेला पीच पाय. कार्डं वाचता वाचता ओपल गोष्टीही सांगायची. कोण कोणाशी बोलत नाही, म्हणून त्या दोघांना एका फेरीत घालायचं नाही. कोण दवाखान्यात चाललोय म्हणून सांगतं आणि पत्ते खेळायला जातं. डेस्मंड हसायचा, टाइप करायचा. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते एस अक्षरापर्यंत आले.

“शेडी एकर्स,” ओपलनं वाचलं. “नको.”

डेस्मंडची बोटं थांबली. “आडनाव?”

“आडनाव नाही. जागा आहे ती. पुलापलीकडची ट्रेलरमधल्या घरांची वस्ती.”

“बरं. मग नावं?”

“नावं नाहीत. सबंध वस्तीचं एकच कार्ड आहे.”

“आणि शेरा काय लिहू?”

“‘नको’ लिही.”

त्यानं टाइप केलं नाही. ओपलनं मग त्याला कारण सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी जीन ऑस्वॉल्ट नावाचा तिचा ड्रायव्हर तिथे गेला होता, तेव्हा गाडीतल्या एका पिऊन तर्र झालेल्या माणसानं त्याच्या कपाळावर बाटली मारली. सात टाके पडले. शिवाय त्याआधी दोनदा फोन करून माणसं दारात आलीच नव्हती. अशा ठिकाणी कोण पाठवेल आपली माणसं?

“त्या बाटलीवाल्याचं नाव काय होतं?”

ओपलनं आठवून पाहिलं. चारशे अकरा माणसांचं सगळं तिला पाठ होतं. “नाही आठवत,” ती म्हणाली.

डेस्मंडनं खुर्ची मागे सरकवली. उठला आणि लंगडत लंगडत कपाटाशी गेला, शहराच्या जुन्या तक्रारींचं बाड घेऊन आला. चाळत बसला. “शेडी एकर्सचे फोन आमच्याकडेही यायचे,” तो म्हणाला. “सहा नंबरची बस टायरच्या दुकानापाशी वळते. तिथे शहराची हद्द संपते. मग पूल, आणि पुलानंतर अर्ध्या मैलावर ती वस्ती. आम्ही सांगायचो, तुम्ही काउंटीत राहता, व्हॅनला फोन करा.”

“आणि आम्ही सांगायचो, बस अर्ध्या मैलावर आहे, चालत जा.”

“चालत? त्या पुलावरून? तिथे पायवाट कुठे आहे?”

ओपलनं ते कार्ड उलटं करून ठेवलं. डेस्मंडनं काउंटीच्या फोनच्या वह्याही मागवल्या. त्या वह्यांत प्रत्येक फोन लिहिलेला असायचा, होकार दिलेलाही आणि नाकारलेलाही, ओपलच्याच अक्षरात. दोन दिवसांनी त्यानं एक कागद तिच्या टेबलावर ठेवला. सी. स्कॅग्ज, शेडी एकर्स. चार वर्षांत काउंटीकडून एकसष्ट नकार. शहराकडून एकोणीस. गेल्या दीड वर्षात एकही फोन नाही.

“तुमची चूक काढायला मी हे शोधलं असं समजू नका,” तो म्हणाला. “पण ही बाई आपल्या दोघांच्या मधल्या फटीत पडली होती, मिस ओपल. मी पण त्यातला एक आहे. एकोणीसपैकी सहा माझे आहेत.”

ओपलला राग आला. कोणाचा ते तिला कळेना, म्हणून तो जीनवर काढायचा असं ठरवून ती ड्रायव्हरांच्या खोलीत गेली. जीन ऑस्वॉल्ट तिथे डबा खात बसला होता. विलीनीकरणात काउंटीच्या ड्रायव्हरांची नोकरीची वर्षं शहरवाल्यांच्या बरोबरीनं धरली गेली होती, म्हणजे फेऱ्या निवडताना तेही पुढे आले होते, त्यामुळे त्याच्या टेबलाशी शहरवालं कोणी बसत नसे.

“जीन, शेडी एकर्सला तुला मारणारा तो माणूस. नाव काय त्याचं?”

“कोण जाणे. का गं?”

“वस्तीत कुठल्या ट्रेलरमध्ये राहायचा?”

जीननं सँडविच खाली ठेवलं. “वस्तीत? तो तिथला नव्हताच. गावातल्या बारपाशी चढला होता. मामेभावाकडे चाललोय म्हणाला. उलट त्या वस्तीतल्याच एका म्हातारीनं माझ्या डोक्याला फडकं बांधलं आणि पोलिसांना फोन केला. तुला सांगितलं होतं मी तेव्हा.”

“मला?”

“तुलाच. तू म्हणालीस, पुन्हा तिकडे तुला पाठवणार नाही. मला वाटलं मलाच पाठवणार नाहीस. दुसरा कोणी जात असेल असं मी समजत होतो.”

ओपल तशीच उभी राहिली. जीननं तिच्यासाठी बाकावर जागा केली, पण ती बसली नाही.

शनिवारी तिनं आपली मोटार टायरच्या दुकानापाशी लावली आणि चालत निघाली. साठी ओलांडलेली बाई, पायात चर्चला जायचे बूट. पूल लांब नव्हता, मोटारीनं तर कळतही नसे कधी गेला. पण चालायला लागल्यावर कळलं की पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर कठड्यापर्यंत फक्त वीतभर जागा आहे. धान्याचा ट्रक आला तेव्हा तिनं कठड्याला पाठ टेकवली आणि डोळे मिटले. वारा गेला, धुरळा तोंडात गेला. तिच्या हातून कठडा सुटेना. असे चार ट्रक गेले. पूल संपेपर्यंत तिच्या झग्याच्या पाठीला गंजाचा लाल पट्टा उमटला होता.

पलीकडच्या टोकाला एक बाई दोन्ही हातांत किराणा घेऊन जात होती. तिशीच्या आतबाहेरची, डोक्यावर निळी टोपी, डावं मनगट किंचित वाकडं. ओपलला धापा टाकताना बघून ती थांबली.

“बरं वाटत नाही का? गाडी बंद पडली?”

“नाही,” ओपल म्हणाली. “मी मुद्दामच चालत आले. शेडी एकर्सला स्कॅग्ज आडनावाचं कोणी राहतं का गं?”

बाईनं पिशव्या खाली ठेवल्या. बराच वेळ ओपलच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चेहरा नाही ओळखीचा. पण आवाज आहे.” आणि तिनं ओपलच्याच सुरात म्हणून दाखवलं, “‘आज गाडी भरलीय गं राणी. उद्या बघ.’ तुम्हीच ना त्या?”

“हो,” ओपल म्हणाली. “मीच.”

“मी कोरीन स्कॅग्ज.” तिनं हात पुढे केला नाही. “भरलेली असायची का खरंच?”

“कधीकधी.”

“आणि बाकी वेळा?”

“बाकी वेळा नसायची,” ओपल म्हणाली. “मी तुमच्या वस्तीला गाडी पाठवत नव्हते. आमचा एक माणूस इथे जखमी झाला होता. मग मी ठरवून टाकलं.”

“म्हणजे नियम होता की तुमची मर्जी?”

“नियमाच्या आडून मर्जी.”

कोरीन हसली, पण ते हसू सुखाचं नव्हतं. “मी वेडी नव्हते तर. मला वाटायचं, मलाच फोन कसा करायचा ते कळत नाही. आईला म्हणायचे, तू कर, तुझा आवाज म्हातारा आहे, तुला देतील.” तिनं वाकडं मनगट वर केलं. “हे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं. पुलावरच घसरले. वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात कामाला होते मी. तीनदा उशीर झाला, चौथ्यांदा हे. त्यांनी काढून टाकलं. त्यांचंही चुकलं नाही म्हणा, चादरी कोणी धुवायच्या? आता काहीबाही करते.”

“मला वाईट वाटतं,” ओपल म्हणाली. ते तिला स्वतःलाच फार हलकं वाटलं.

“वाटू दे,” कोरीन म्हणाली. तिनं पिशव्या उचलल्या. “मला एवढंच सांगा, आता तुम्ही आणि बसवाले एक झालात ना? पेपरात होतं. मग गाडी येणार आहे का?”

“सोमवारी मी...”

“सोमवार,” कोरीन म्हणाली. “बरं.” आणि ती निघून गेली. ओपल त्याच पुलावरून परत आली.

सोमवारपासून तिनं शेडी एकर्सहून येणारे व्हॅनचे फोन घ्यायचं ठरवलं. ते तिच्या हातातलं होतं. पण फोन आलाच नाही. अकरा वर्षं ज्या दारावर डोकं आपटलं, तिथे पुन्हा कोण जाईल? डेस्मंड म्हणाला, “व्हॅननं भागणार नाही. कामाला जाणाऱ्या माणसाला रोज जावं लागतं. सहा नंबर पूल ओलांडून गेली पाहिजे.”

मिस प्रुइट समजूतदार बाई होत्या, पण त्यांच्या डोक्यावर दोन संस्थांचं ओझं होतं. त्या म्हणाल्या, “फेरी सहा मिनिटांनी वाढेल. ती सहा मिनिटं कुठून आणू? आणि चाळीस फुटी बस त्या वस्तीतल्या बोळात वळणार कशी?”

वेळेचं काम डेस्मंडनं अंगावर घेतलं. स्वतःच्या सुट्टीचे तीन दिवस तो सहा नंबरच्या बसमध्ये बसून फिरला, मांडीवर वही घेऊन. ड्रायव्हरांच्या विश्रांतीला हात लावला असता तर युनियननं त्याला उभा चिरला असता. चौथ्या दिवशी तो आला तो आनंदातच. “इस्पितळाच्या पुढच्या फाटकाशी डावीकडे वळताना बस प्रत्येक खेपेला अडीच मिनिटं सिग्नलला उभी राहते. मागच्या फाटकानं गेली तर सिग्नलच नाही. जाता-येता पाच मिनिटं वाचतात. एक मिनिट मला अजून मिळत नाहीये, पण मिळेल.”

वळण्याच्या जागेचं काम ओपलचं. वस्तीच्या तोंडाशीच वेंडेल क्रेब्सचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि दुकानापुढे खडीचं मोठं आवार. वेंडेलच्या आईला, अर्माला, ओपलच्या व्हॅननं सहा वर्षं डायलिसिसला नेलं होतं. ती अर्माच्या आठवणी काढत काढत मुद्द्यावर आली. वेंडेल ऐकत होता तोवर ऐकत होता. बसचं नाव निघताच त्यानं हात झटकले.

“खडी खचेल माझी.”

“काउंटी भरून देईल. मी लेखी आणते.”

“आणि ती माणसं? ती माझ्या दारात येऊन उभी राहणार. तुला ठाऊक आहे ती कशी आहेत.”

“कशी आहेत?” ओपलनं विचारलं.

वेंडेल घुटमळला. “म्हणजे... सगळेच म्हणतात.”

“मीही म्हणत होते, वेंडेल. अकरा वर्षं. आणि त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. तू किती जणांना ओळखतोस?”

वेंडेलनं खिडकीबाहेर बघितलं. त्याच्याकडे कोंबड्यांचं खाद्य न्यायला येणारे दोघं-तिघं त्या वस्तीतलेच होते. “एक हिवाळा,” तो शेवटी म्हणाला. “एक हिवाळा वळवून बघा. मला त्रास झाला तर आवाराला दोरी लावीन.”

आता राहिली मंडळाची सुनावणी. नव्या संस्थेच्या संचालक मंडळात चार शहराचे आणि तीन काउंटीचे, आणि सातही जण एकमेकांकडे सवतीसारखे बघणारे. सुनावणीच्या आदल्या दिवशी मिस प्रुइटनी ओपलला दाराआड बोलावलं.

“प्रस्ताव मी मांडते. डेस्मंड वेळापत्रक दाखवेल. तुम्ही बोलू नका. काउंटीतून आलेल्या सगळ्यांना सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे, तुम्हालाही. जुनी धुणी तिथे धुवायला काढलीत तर उद्या दोन्हीकडचे म्हणतील, बघा, एकत्र करून काय मिळवलं?”

“बरं,” ओपल म्हणाली. तिला खरंच बोलायचं नव्हतं.

सुनावणी न्यायालयाच्या इमारतीत होती, संध्याकाळी सहाला. ऐकायला पंधरा-वीस माणसं. डेस्मंडनं ती सहा मिनिटं भिंतीवर दाखवली. सहावं मिनिट त्यानं टायरच्या दुकानाशी वळायला बसला जो वेळ लागायचा त्यातून काढलं होतं. मग मंडळातले एक शहरवाले गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, “हे सगळं ठीक आहे. पण पुलापलीकडे मागणी आहे याला आधार काय? मी नोंदी बघितल्या. वर्षभरात तिथून एक फोन नाही. ज्यांना गरज असते ते मागतात.”

मिस प्रुइट कागद चाळू लागल्या. ओपलच्या शेजारी बसलेल्या डेस्मंडनं हळूच आपले दुखरे गुडघे बाजूला घेतले. तिला बाहेर पडायला वाट करून दिली होती की त्याचे गुडघेच तेव्हा दुखले, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही.

ती मायक्रोफोनपाशी जाऊन उभी राहिली. नाव सांगितलं. बोलायला तीन मिनिटं असतात, तिला एकच पुरलं.

“फोन येत नाहीत, कारण मी ते बंद पाडले. चार वर्षं एक बाई फोन करत होती. मी तिला एकसष्ट वेळा नाही म्हटलं. बहुतेक वेळा गाडीत जागा असताना. ती बाई त्या पुलावर पडली आणि तिची नोकरी गेली. तिच्याआधी कोणी कोणी फोन केले आणि सोडून दिले, ते मी मोजलेलं नाही. माणसं मागत नाहीत म्हणजे त्यांना नको आहे असं नाही. कधीकधी त्यांना उत्तर पाठ झालेलं असतं. एवढंच सांगायचं होतं.”

काउंटीच्या एका सदस्यानं, जो ओपलला वीस वर्षं ओळखत होता, मान खाली घातली. चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, “बाई, हे तुम्ही आपणहून का सांगताय?”

“तुम्ही विचारलंत म्हणून,” ओपल म्हणाली.

मतदान पाच विरुद्ध दोन झालं. सहा महिने चालवून बघायचं ठरलं. पुढच्या सोमवारी ओपलच्या टेबलावर पत्र होतं: संस्थेच्या कामकाजाची माहिती परवानगीशिवाय उघड केल्याबद्दल ताकीद, आणि प्रोबेशन वाढवून एक वर्ष. खाली मिस प्रुइटची सही. सहीच्या वर त्यांनी पेनानं लिहिलं होतं, “नियमाप्रमाणे द्यावंच लागलं.” ओपलनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर सहा नंबरची बस पूल ओलांडून गेली. फेऱ्या निवडायच्या दिवशी, ज्याची नोकरी जुनी त्याचा पहिला हक्क, या नियमानं जीन ऑस्वॉल्टनं तीच फेरी मागून घेतली. शहरवाल्यांना बरंच वाटलं. त्यांना ती नकोच होती. पहिल्या सकाळी ओपल बघायला म्हणून बसमध्ये बसली. वेंडेलच्या आवारात थांब्याचा नवा खांब होता आणि खांबाशी चार माणसं. दोन बायका कारखान्याच्या गणवेशात, एक म्हातारा, एक गरोदर मुलगी. कोरीन नव्हती. म्हातारा चढता चढता जीनला म्हणाला, “दोन मिनिटं उशीर केलास. असंच चालणार का रोज?” बस आज पहिल्यांदाच आली याचं त्याला काही अप्रूप दिसलं नाही. ओपलला त्याचं बरं वाटलं.

डिसेंबरात जीननं सांगितलं, “ती तुझी निळ्या टोपीवाली बसते हल्ली. सकाळी सहा चाळीसला. मागच्या दाराशेजारी बसते, बोलत नाही.”

ओपलच्या मनात दोनदा आलं की एका सकाळी जाऊन त्या बसमध्ये बसावं. एकदा तर तिनं पहाटे कोटही चढवला. मग विचार केला, जाऊन काय करायचं? तिनं आपल्याला बघावं, एवढंच ना? त्या बाईला कामावर जायचं आहे. सकाळी सहा चाळीसला तिच्यापुढे जाऊन उभं राहणं म्हणजे पुन्हा तिच्याकडेच काहीतरी मागणं. ओपलनं कोट काढून ठेवला.

हिवाळा संपला. वेंडेलनं दोरी लावली नाही, तक्रार मात्र केली: माणसं थंडीत दुकानात येऊन शेगडीपाशी उभी राहतात. मग त्यानंच पत्र लिहून थांब्याला छप्पर मागितलं. त्याची नोंद डेस्मंडनं ‘नागरिकांची मागणी’ म्हणून केली. त्या थांब्यावर रोज तीसेक माणसं चढू-उतरू लागली, आणि मे महिन्यात मंडळानं फारशी चर्चा न करता फेरी कायम केली.

त्याच सुमाराला एका दुपारी जीन कंट्रोल रूमच्या दारात येऊन म्हणाला, “तुझी निळी टोपी गेली.”

“गेली म्हणजे?”

“गाव सोडून. शुक्रवारी शेवटची बसली. टोलीडोला बहिणीकडे चाललेय म्हणाली, आई पण बरोबर. तिथल्या इस्पितळात काम मिळालंय.”

“चांगलं काम आहे?”

“तसं म्हणाली तरी.”

“आणखी काही बोलली?”

“कशाबद्दल?”

“काही नाही,” ओपल म्हणाली. “सहज विचारलं.”

जीन गेला. ओपलला वाटत आलं होतं की अजून वेळ आहे. कधीतरी, काहीतरी, आपोआप ठीक होईल. तसं होणार नव्हतं. एकसष्ट नकार ते एकसष्टच राहणार होते. ती उठली, तोंडावर पाणी मारून आली, आणि डेस्मंडला म्हणाली, “तुझ्या त्या मशीनमधून मला एक यादी काढून दे. जिथे घरं आहेत पण जिथून वर्षभरात एकही फोन आला नाही, अशा जागांची.”

त्याला अर्धा तास लागला. तीन जागा निघाल्या. त्यानं त्या नकाशावर दाखवल्या: एक जुन्या खाणीमागे, एक नदीकाठी, एक रेल्वेच्या फाटकापलीकडे.

“ही नदीकाठची,” त्यानं विचारलं, “तिथे कोण राहतं?”

“मला माहीत नाही,” ओपल म्हणाली.

शनिवारी सकाळी दोघं डेस्मंडच्या गाडीतून तिकडे गेले.